कल्हई गेलेलं पातेलं

नोएडातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी बरीच वर्षं बारावीला संक्रमण धातू शिकवतोय. त्यांचे क्षार रंगीत का असतात, एकच धातू कधी दोन तर कधी तीन इलेक्ट्रॉन का सोडतो, हे मी इतकं रंगवून सांगतो की मागच्या बाकावरचे फोनसुद्धा खाली ठेवले जातात. तांब्यावर माझा विशेष जीव. त्याच्या क्षारांचा निळा-हिरवा रंग दाखवताना मी फळ्यासमोर नाचायचाच बाकी असतो. अशा विद्वानाच्या घरी काय शिजलं, ते सांगतो.

बाबा गेल्यावर आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली. सोबत दोन बॅगा आणि एक पितळी पातेलं. सोसायटीत तिला कोणी ओळखत नव्हतं, हिंदी तर यथातथाच. तिचं राज्य काय ते स्वयंपाकघरात. तिथे मात्र मीठसुद्धा तिला विचारून पडायचं.

एका शनिवारी तिने पातेलं माझ्यासमोर आडवं धरलं. "कल्हई गेलीय रे. आत पिवळं दिसायला लागलंय. यात आंबट काही करू नका."

"आई, कल्हई म्हणजे कथलाचा नुसता एक पातळ थर. चार-पाच तासांत काही होत नाही. मी हेच शिकवतो."

"शिकवत असशील," ती म्हणाली आणि काकडी चोचवायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासचे मालक बायकोला घेऊन जेवायला येणार होते. रसायनशास्त्राचा विभागप्रमुख कोण, हे त्याच महिन्यात ठरणार होतं. रविवारी सकाळीच माझी बायको नवीन टेबलक्लॉथ आणायला सरोजिनी नगरच्या बाजारात गेलेली, आई पूजेला बसलेली. मी ठरवलं, आज कढी आपण करायची, आणि तीही पितळी पातेल्यात. टेबलावर कशी शोभून दिसेल! आई देवघरातून उठून येईपर्यंत कढीला उकळी आली होती.

तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "निदान स्टीलच्या भांड्यात काढून ठेव."

"अगं, मग मजा काय?"

सकाळी नऊपासून दुपारी दीडपर्यंत ते आंबट ताक त्या उघड्या पितळेत मुरत राहिलं. कडेला हिरवट झाक आली होती. मला वाटलं, कोथिंबीर. मालकांनी दोन वाट्या कढी प्यायली, "वाह" म्हणाले, आणि दहा मिनिटांत बाथरूमकडे धावले. त्यांच्यामागोमाग त्यांची बायको.

माझ्या बायकोने पातेल्यात डोकावून पाहिलं. "यात कढी कोणी केली?"

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. पण आई आधी बोलली, "मीच गं. कल्हई गेलीय, हे विसरलेच बघ."

मालक तोंड पुसत बाहेर आले, तेव्हा बायकोने त्यांना हिंदीत तेच सांगून माफी मागितली. "कोई बात नहीं माताजी, उमर हो जाती है."

मी मूग गिळून बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी समजावून सांगायला लागलो: ताकातलं आम्ल, हवेतला ऑक्सिजन, पितळेतलं तांबं, मग तो हिरवा क्षार. मालक पोटावर हात ठेवून ऐकत होते. "यार, क्या समझाते हो!" ते म्हणाले. पुढच्या महिन्यात मी विभागप्रमुख झालो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाणाला पगारवाढही मिळाली.

घरात सगळी भांडी स्टीलची झाली. लोखंड, क्रोमियम, निकेल, सगळे संक्रमण धातूच, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको प्रेमानेच म्हणाली, "आई, तुम्ही आता आराम करा. गॅसपाशी एकट्या नका जाऊ, विसरायला होतं तुम्हाला." आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी दया तिने केली. ती दिवसभर सोफ्यावर बसून हिंदी मालिका पाहू लागली, आणि मी वर्गात तांब्याच्या धड्याला जरा घाईने पुढे सरकू लागलो.

सहा महिन्यांनी मला राहवेना. पातेलं घेऊन पुरानी दिल्लीत एक कल्हईवाला शोधून काढला. त्याने आत बोट फिरवलं. "इसमें खट्टा पकाया था? भाईसाहब, ये तो बच्चा-बच्चा जानता है." मी काय शिकवतो, ते त्याला सांगितलं नाही.

चकचकीत पातेलं ओट्यावर ठेवलं, आईला बोलावलं आणि बायकोला सांगून टाकलं, "त्या दिवशी कढी मी केली होती. आईने आदल्या दिवशीच बजावलं होतं. ती काही विसरली नव्हती."

बायकोने पातेल्यात एकदा डोकावून पाहिलं. मग तिने लायटर उचलला आणि आईच्या हातात दिला. "आई, आज कढी तुम्हीच करा." माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती मी कमावलेलीच होती.

आईने ताक घुसळलं, बेसन लावलं, फोडणी दिली. मी दारात उभा होतो, फार दिवसांनी हलकं वाटत होतं. ढवळता ढवळता तिचा हात थांबला. ती मागे वळली.

"मीठ घातलं का रे मी?"

घातलं होतं. माझ्यासमोरच घातलं होतं.