दारातला अर्धा तास

माझी मुलगी सात वर्षांची होती तेव्हा दुबईच्या अल कुसैसमधल्या निम्म्या मराठी घरांत तिची ख्याती पसरली होती: बाहेर नेली की भोकाड पसरणारी. हा नव्वदच्या दशकातला काळ. तिच्या वागण्याला डॉक्टरांनी एक लांबलचक नाव दिलं होतं, आणि ओळखीच्या बायकांनी एक छोटं. लाडावलेली!

मी काय काय केलं नाही? दिवे डोळ्यांना खुपतात म्हणून टोपी, आवाज नको म्हणून कानांत कापूस, गर्दी टाळायला दुकानाचं शटर वर जायच्या आधी आम्ही हजर. शिवाय प्रत्येक वेळी कागदावर चित्रं काढून द्यायची, कशानंतर काय ते. गाडी, दुकान, आइस्क्रीम, गाडी, घर. ती एकेका चित्रावर पेन्सिलीने काट मारायची. आइस्क्रीमपर्यंत पोरगी शहाणी, आणि मग एकदम जमिनीवर लोळण.

एका शुक्रवारी तर मॉलच्या दारातच तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. गार्ड धावत आला. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "खलास. पुढच्या शुक्रवारपासून तुम्ही दोघी घरीच थांबा."

दोघी! म्हणजे मलाही शिक्षा. आठवडाभर चार भिंती, आणि सुट्टीच्या दिवशीही त्याच. माझं डोकंच फिरलं.

घरी आल्यावर तिच्या मुठीतून तो चुरगळलेला कागद काढला. आइस्क्रीमवर काट होती. दुसऱ्या गाडीवर पेन्सिल दाबून दाबून भोक पडलं होतं.

आइस्क्रीम संपल्यावर मीच म्हणाले होते, "चला, निघू या." आणि दारात नवऱ्याच्या ऑफिसातलं कुटुंब भेटलं. "इंडियाला कधी जाताय?" पासून सुरू झालं ते संपेचना. त्याच्या आधीच्या शुक्रवारीही तेच. कुणाच्या घरी गेलो तर आणखी वाईट. चपला घातल्या की "अगं थांब, कुंकू लावते," म्हणून पुन्हा आत. मग चिवड्याची पिशवी. मग लिफ्टपाशी उभ्याने गप्पा. आम्ही निघतो म्हणतो आणि निघत कधीच नाही. हे सगळ्यांना कळतं, फक्त माझ्या पोरीला कळत नव्हतं. ती बिचारी दर वेळी विश्वास ठेवायची.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मग काय, माणसं भेटली तर बोलायचं नाही?"

"बोला की! हवं तेवढं आत बसून बोला. निघतो म्हटल्यावर नको."

बरीच वादावादी झाल्यावर एक शेवटची संधी मिळाली. ती रडली नाही तर पुढेही न्यायचं. रडली तर मी आणि ती कायम घरी.

पुढच्या शुक्रवारी शारजाला एका मित्राकडे गेलो. दार उघडताच मी कपाळ पुढे केलं. "वहिनी, कुंकू आत्ताच लावा."

"अगं बाई, आल्या आल्या? मला काय तुला परत पाठवायची घाई झालीय?" वहिनी हसल्या, पण त्यांना लागलं ते दिसलंच. मी कारण सांगितलं. त्यांना ते किती पटलं देव जाणे, पण कुंकू लावलं.

चहा झाला. "निघतो," म्हणाले, चपला घातल्या आणि पोरीला घेऊन खरोखर चालू लागले. मागून वहिनींचा आवाज, "अगं, चिवडा तरी घेऊन जा!" मी वळले नाही. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर कानाखाली दिली असती. नवरा अर्थातच दारात, एक पाय बुटात घालून बोलत उभा. लिफ्टचं दार मिटलं.

मी तिचं मनगट घट्ट धरून होते. आता सुरू होईल, आता होईल. तिने कागद भिंतीला टेकवला, दुसऱ्या गाडीवर पेन्सिल ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मम्मी, यू सेड गोइंग, अँड वी वेंट."

"हो गं."

मग अगदी शांतपणे तिने विचारलं, "सो बिफोर, यू टोल्ड लाइज?"

इतकी वर्षं मी तिला हट्टी म्हणत आले होते. मी तिचं मनगट सोडलं.

"हो," मी म्हणाले.