दशरथचा श्वास

मुलुंडच्या एका वाचनालयाच्या माडीवर आमचं चित्रपट मंडळ महिन्यातल्या एका रविवारी सकाळी छोट्या फिल्म दाखवायचं. थिएटरात न लागणाऱ्या, नट नसलेल्या, कुणीतरी स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या. सुगंधा सावंत खिडक्यांना काळे पडदे लावायची, सतरंज्या घालायची आणि मागच्या गॅलरीत स्टोव्हवर चहा ठेवायची. फिल्म सुरू झाली की ती बाहेरच असायची. आत काय दाखवलं ते तिला चहावरून कळायचं.

"आज सगळे गप चहा पितायत," ती म्हणायची. "मेलं वाटतं कोणीतरी."

तिचा नवरा दशरथ गिरणीत होता. संपानंतर भांडुपच्या एका कारखान्यावर वॉचमन झाला आणि शहाऐंशीच्या शिमग्यात काविळीने गेला. हे ती कप विसळता विसळता सांगायची, दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगावं तसं. घरात त्याचा एकच फोटो होता, लग्नातला. त्यात मुंडावळ्यांआड तोंड धड दिसत नव्हतं, म्हणून तो भिंतीवर लागलाच नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी चार फिल्म होत्या. एम. ए. झाल्यापासून मंडळाची माहितीपत्रकं मी लिहायचे, म्हणून मला त्या आधीच ठाऊक होत्या. एकीत देवनारच्या कचऱ्यावर घारी नुसत्या फिरत राहतात, शब्द एकही नाही. एकीत मिठागरातल्या बाईचे फक्त पाय. तिसरीत घाटकोपरचा एक म्हातारा कोरड्या नळाशी गप्पा मारतो. चौथी संपाच्या दिवसांत भांडुपच्या चाळीत काढलेली, आता कुठे पुरी झालेली: एका कामगाराचं मयत खोलीत आहे, आणि त्याला उचलायचं कुणी, ते ठरत नाही. हे मी सुगंधाला सांगितलं तेव्हा तिने स्टोव्हची वात खाली केली.

"ते मयत म्हणजे आमचे हे," ती म्हणाली.

चंदर नावाचा एक मुलगा कॅमेरा घेऊन त्यांच्या चाळीत आला होता. मयत म्हणून झोपायला कुणी तयार होईना. दशरथ झोपला. संध्याकाळी कोंबडी घेऊन हसत घरी आला, म्हणाला, "मराचा सोंग केलंय नि कोंबडी गावली." सुगंधाने त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. मयताहून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात येत नाही, आणि हा तर स्वतःच्याच मयताहून आला होता. तिने गॅलरीत उभं करून त्याच्या डोक्यावर दोन बादल्या ओतल्या. शेजारणी हसत होत्या.

"मग आज आत येऊन बसा ना," मी म्हटलं.

तिने स्टोव्ह बंद केला.

ती दाराजवळच्या सतरंजीवर बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. घारी झाल्या, पाय झाले, नळ झाला. मग ती खोली आली. भिंतीवर कॅलेंडर, खाली दशरथ, गळ्यापर्यंत पांढरी चादर, नाकात कापूस. बायका रडत होत्या. त्यांतली एक तोंड लपवून हसत असावी. कॅमेरा हळूहळू दशरथवर आला आणि तिथेच थांबला. फार वेळ थांबला. चादर वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

कुणीतरी खुदकन हसलं.

चंदर स्वतः आला होता. दिवे लागल्यावर चर्चा झाली. आमचे भाऊराव, शाळेतून निवृत्त झालेले, उठून म्हणाले, "बाकी सगळं उत्तम. फक्त तुमचं प्रेत श्वास घेतंय, साहेब." सगळे हसले, चंदरही. तो म्हणाला, चूक त्याला दिसली आहे. फिल्म दिल्लीच्या महोत्सवाला जायची आहे, त्याआधी तो तुकडा कापणार आहे.

सुगंधा चहाचा ट्रे घेऊन त्याच्यासमोर थांबली.

"तेवढं कापू नका," ती म्हणाली.

"काय?"

"श्वास."

"अहो बाई, लोक हसले ना आता. मेलेला माणूस श्वास घेतो का?"

"नाय घेत," सुगंधा म्हणाली. "मला म्हायत आहे."

चंदरला ती कोण ते मी सांगितलं. त्याने उचललेला कप परत ट्रेत ठेवला. मग म्हणाला, "पण तो ठेवला तर माझी फिल्म पडते." तिने मान हलवली आणि ट्रे पुढच्या माणसाकडे नेला. त्या दिवशीही सगळे गप चहा प्याले.

माघात आमचे प्रोजेक्टर चालवणारे रामनाथ एक पेपरमिंटची डबी घेऊन आले. चंदरने पाठवली होती. आत कापलेली फिल्म होती, गुंडाळून ठेवलेली. सुगंधाने ती खिडकीत उजेडासमोर धरली. एकाखाली एक इवल्या चौकटी, प्रत्येकीत तोच दशरथ, तीच चादर. ती वरपासून खालपर्यंत बघत गेली, मग उलटी.

"यात हलत नाय," ती म्हणाली. "यात मेलेलेच आहेत."

"वयनी, तसा नाय दिसाचा," रामनाथ म्हणाले. "मशीनवर चढवूक होयी."

पुढच्या रविवारी लोक यायच्या आधी त्यांनी त्या तुकड्याच्या पुढेमागे कोरी फिल्म जोडली. सुगंधाने पडदे लावले, स्टोव्हवर चहाचं पाणी ठेवलं आणि या वेळी अगदी पुढे बसली. मी दाराशी होते. मशीन खरखरलं. दशरथ आला. चादर वर आली, खाली गेली. वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली आणि पडदा पांढरा झाला.

मशीन रिकामंच फिरत राहिलं. रामनाथांनी ते बंद केलं.

"वयनी, परत लावू?"

सुगंधा उठली. सतरंजीची दुमडलेली कड तिने पायाने सरळ केली.

"नको," ती म्हणाली. "पाणी उकळला असतला."