डबी आणि बेलबाई

बेलबाईंचं खरं नाव डेपोत पगार वाटणाऱ्या कारकुनाला तेवढं माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या बेलबाई. कंडक्टर म्हणून त्या बसवर लागल्या, तेव्हा बाईमाणूस त्या गर्दीत तिकिटं काय फाडणार, यावर पैजा लागल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका दारुड्याला कॉलर धरून खाली उतरवलं आणि अशी खणखणीत डबल बेल दिली, की पैजा लावणारे आपापल्या चहाच्या ग्लासात बघत बसले. त्या बसचे ड्रायव्हर होते उस्ताद. त्यांना ती बेल इतकी आवडली की त्यांनी बेल देणारीशीच लग्न केलं, असं डेपोत म्हणायचे. उस्ताद यावर नुसते हसत. बेलबाई मात्र म्हणत, "मग काय! मी डबल दिली नसती तर हे लग्नालासुद्धा उभे राहिले नसते."

बसचा कायदा साधा असतो. दोनदा बेल वाजली, चल. एकदा वाजली, थांब. आणि बेलच आली नाही, तर चालत राहा. ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नाही. कोणाचा पाय पायरीवर आहे, कोणाची पिशवी दारात अडकली आहे, हे कंडक्टरने बघायचं आणि ड्रायव्हरने तिच्यावर विसंबायचं. या दोघांनी सगळी नोकरी अशी काढली, आणि उस्तादांच्या चाकाखाली एक कोंबडीसुद्धा आली नाही. "माझे डोळे पुढे, हिचे मागे," ते छाती फुगवून सांगायचे. "चार डोळ्यांचा ड्रायव्हर आहे मी."

आता त्या चारांतले दोन जायला निघाले होते, आणि ते फक्त बेलबाईंना ठाऊक होतं.

त्यांच्या लक्षात आलं ते जेवताना. उस्ताद बोलत होते, पण त्यांच्याकडे बघून नाही, त्यांच्या कानाकडे बघून. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी त्यांनी विचारलं, "अहो, माझ्या कानात काय आहे एवढं?" उस्तादांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "समोर बघितलं की तू दिसतेस, पण तुझा चेहरा तेवढा नसतो. बाजूला बघितलं की थोडा येतो." बेलबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग धरला आहे. तो वाढत जाणार. कडेचं दिसेल, मधलं जाईल. उस्तादांनी दुसऱ्या दिवशी मोठ्या गाडीचं लायसन परत करून टाकलं आणि दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलाला फोनवर सांगितलं, "कंटाळा आला रे आता." झाकली मूठ सव्वा लाखाची! घरात त्यांना अडत नव्हतं. दार कुठे, खुर्ची कुठे, हे पायांना पाठ होतं. पण दिवसभर ते खिडकीशी बसून राहायचे, मांडीवर दोन्ही हात, मुठी अर्धवट वळलेल्या. त्या मुठींत काय नाही, ते बेलबाईंना न सांगता कळायचं.

आणि अशात मुलाने गाडी पाठवली. त्याचा हेतू चांगलाच होता. आईचे गुडघे गेलेले, घर चढावर, बाजार आणि दवाखाना खाली उतारापाशी. स्वस्तातली विजेची गाडी, शहरापुरती. दोन माणसं बसली की भरली. चाकं बाळाच्या गाडीला शोभतील एवढी, दारं प्लास्टिकची, काचा हाताने वर दुमडायच्या. स्वयंपाकघरातल्या प्लगला वायर लावली की सकाळपर्यंत पोटभर वीज पिऊन तयार. घाईतल्या सायकलवाल्यापेक्षा तिचा वेग जास्त नव्हता, म्हणून तिला लायसन लागत नव्हतं. शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी तिला साबणाची डबी म्हटलं, आणि पुढे साबण गळून डबी तेवढी राहिली. बस हाकलेले उस्ताद तिच्यात बसले की गाडीत बसल्यासारखे दिसतच नसत, गाडी अंगात घातल्यासारखे दिसत.

"हे नको हो," बेलबाई म्हणाल्या.

"खेळणं आहे गं. हिने कोणाचं काय होणार?"

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी दाढी केली. खाकी शर्टाला इस्त्री केली. किल्ली हातात घेऊन ते दारात उभे राहिले, ताठ, आणि बेलबाईंच्या कानाकडे बघून हसले. खिडकीशी बसलेला तो मुकाट माणूस कुठल्या कुठे गेला होता. त्याला पुन्हा त्या खुर्चीत बसवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या गुडघ्यावर हात ठेवून डबीत बसल्या, समोर रस्ता नीट बघितला आणि पुढच्या प्लास्टिकवर बोटाच्या सांध्याने दोनदा वाजवलं. टक टक.

"वा, मास्तरीणबाई!" उस्ताद म्हणाले आणि डबी निघाली.

असा तो खेळ सुरू झाला. जन्मभर मागचं बघणारी बाई आता पुढचं बघू लागली. एकदा वाजवलं की थांब, दोनदा वाजवलं की चल, आणि गप्प बसलं की रस्ता मोकळा. "डावीकडे सायकल," "लाल दिवा," "म्हातारा रस्ता ओलांडतोय," एवढंच त्या मधून मधून बोलायच्या. बघणाऱ्यांना वाटायचं, काय गोड जोडपं आहे, या वयात केवढ्या गप्पा! बेलबाईंना घरी पोहोचेपर्यंत घाम फुटलेला असायचा. त्यांनी शिंकायचं सोडलं होतं. वाटेत कोणी ओळखीचं दिसलं तरी त्या मान वळवत नसत, आणि लोक म्हणायला लागले, गाडी आली तशी बाईला शिष्टपणा आला.

डबीला आवाज नव्हता, हीच तिची सगळ्यात वाईट खोड. बस येते तेव्हा सगळ्या रस्त्याला कळतं. डबी येत नसे, एकदम असायचीच. कबुतरं अगदी शेवटच्या क्षणी उडत. मांजरं दचकून भिंतीला चिकटत. एका दुपारी दुकानासमोरचा दुधाच्या पिशव्यांचा क्रेट चाकाखाली चिरडला आणि पांढरं पाणी उतारावरून खाली वाहत गेलं. दुकानदार हसला, म्हणाला, असू दे काका. बेलबाईंना त्या वाहत्या दुधाकडे बघवेना.

चढाच्या मध्यावर एक वळण होतं. तिथे झाडांची पानं फार पडत, म्हणून झाडूवाली दिवसभर तिथेच असायची. अंगात नारिंगी जाकीट, त्यावर चंदेरी फिती, उन्हात लांबून लखलखणाऱ्या. तोंडाने मोठी फटकळ. "आली बघा डबी! काका, काकूंना सावकाश न्या, जुना माल आहे," असं ओरडायची आणि उस्ताद हात हलवून म्हणायचे, "तुझ्यापेक्षा तरी नवाच!" ती कुठे उभी आहे हे ते तिच्या आवाजावरून ओळखत.

एके दिवशी ती ओरडली नाही. वाकून पानांचा ढीग ढकलगाडीत भरत होती, रस्त्याच्या बरोबर मध्ये, पाठ इकडे. बेलबाईंचा चष्मा नाकावरून घसरला होता. तो सावरून त्यांनी वर बघितलं, तर नारिंगी रंगाने सगळी काच भरली होती. त्यांनी मूठ आपटली. डबी करकचून थांबली. झाडूवालीच्या पायात आणि गाडीत वीतभर अंतर राहिलं असेल.

ती वळली. आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं, कारण उस्ताद तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या शेजारच्या झाडाकडे बघत होते.

"आवाज तरी करा हो काका," ती म्हणाली. "की मेल्यावर कळायचं मला?"

घरी आल्यावर उस्तादांनी किल्ली खिळ्याला अडकवली. "बेल उशिरा दिलीस तू," ते म्हणाले. रागावून नाही, डेपोत हिशेब सांगावा तसं. "माझंच चुकलं," बेलबाई म्हणाल्या. त्यांच्या कायद्याने ते खरंही होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. काही झालं तर हा माणूस म्हणणार, बेल आली नव्हती. आणि त्याला ते मनापासून पटलेलं असणार.

उताराच्या पायथ्याशी धाकटी बहीण राहत होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं.

"ताई, मुलाला फोन कर. आत्ताच्या आत्ता."

"तो किल्ली काढून घेईल. मग हे पुन्हा त्या खिडकीत. तू बघितलं नाहीस त्यांना तिथे बसलेलं."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात," बेलबाई पुटपुटल्या.

"गायी राखतो गं. समोरून येणाऱ्या माणसाला कोण राखणार?"

बेलबाई चपला घालून निघाल्या. घरी जाता जाता त्यांना एक युक्ती सुचली. मुलाला सांगायला नको, भांडायला नको, किल्ली लपवायला नको. आपण गाडीत बसायचंच नाही. गुडघा दुखतो, खाली-वर जमत नाही, बहिणीकडे राहते, असं रोज काहीतरी सांगायचं. कंडक्टर चढल्याशिवाय बस सुटते का कधी? सगळ्या नोकरीत एकदासुद्धा सुटली नव्हती. डबी दारात उभी राहील, धूळ खाईल, आणि उस्तादांना वाटेल, बायकोच्या गुडघ्यांनी घात केला. त्यांचा मान राहील. या विचाराने त्यांना कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी त्या कठडा धरून चढ उतरल्या. वळणावर झाडूवाली भेटली. "आज पायी? डबी रुसली?"

"रुसली. आता काही यायची नाही ती," बेलबाई म्हणाल्या. "तू कर खुशाल तुझं काम."

दिवस बहिणीकडे बरा गेला. उन्हं कलली तशा त्या निघायला उठल्या. बहीण फाटकापर्यंत आली. आणि बेलबाईंना समोरच्या उतारावरून काहीतरी येताना दिसलं, छोटं, पांढरं, आवाज न करणारं. डोळ्यांना दिसलं तरी मन ते कबूल करेना. कारण आत एकच माणूस होता.

त्या गुडघे विसरून रस्त्यात धावल्या आणि मधोमध उभं राहून दोन्ही हात हलवू लागल्या. "अहो! थांबा!" काचा बंद होत्या. उस्ताद थेट त्यांच्याकडे बघत होते, अगदी डोळ्यांत डोळे घालून, आणि प्रसन्न हसत होते. त्या हसण्याचा अर्थ बेलबाईंना एका क्षणात कळला. इतक्या दिवसांत ते असे सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे कधी बघत नव्हते. त्यांच्या लेखी समोर रस्ता होता, मोकळा. दिसायचं असेल तर मधून बाजूला व्हायला हवं होतं. बेलबाईंनी स्वतःला कडेला झोकून दिलं, आणि तेव्हा कुठे उस्तादांनी मान वळवली, ब्रेक दाबला, दार उघडलं.

"अगं, तू इथे! बघ, एकट्याने आणली. म्हटलं, तुझा गुडघा दुखतोय, चढ कशी चढशील." त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या पगाराच्या दिवसासारखा आनंद होता. "एकदाही थांबावं लागलं नाही. वाटेत एकदा काहीतरी लागलं खरं. वळणावर. मी थांबणार होतो."

"मग?"

"पण बेल आली नाही," ते म्हणाले. "पाय ब्रेकवर गेला होता माझा. पण बेल नाही, म्हणजे चालू द्यायचं. सवय गं." मग ते थोडे गोंधळले, स्वतःशीच हसले. "आणि नंतर लक्षात आलं, तू नाहीसच!"

बेलबाई गाडीच्या पुढे गेल्या. एक दिवा फुटला होता. फुटलेल्या प्लास्टिकमध्ये नारिंगी कापडाची फाटकी पट्टी अडकली होती, आणि तिच्यावरची चंदेरी फीत उतरत्या उन्हात लखलखत होती. आता काही यायची नाही ती, तू कर खुशाल तुझं काम. सकाळी आपणच तिला सांगितलं होतं. फाटकात उभ्या असलेल्या बहिणीने तोंडावर हात ठेवला.

"बस ना," उस्ताद म्हणाले. "डबल दे, निघू."

बेलबाईंनी हात उचलला आणि डबीच्या टपावर वाजवलं. एकदाच.

उस्तादांनी उभ्याच गाडीचा ब्रेक पायाखाली घट्ट दाबला. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ते वाट बघत राहिले. बेलबाईंनी आत हात घालून किल्ली काढून घेतली, मुठीत आवळली आणि त्या चढाकडे चालू लागल्या. वर वळणापाशी ढकलगाडी आडवी पडली होती. माणसं गोळा झाली होती, सगळ्यांच्या माना खाली होत्या.

"अगं," मागून उस्तादांनी हाक मारली, "पुढे काय आहे? सांग ना."

बेलबाईंना सगळं दिसत होतं.