सिस्टरबाईंच्या गालावरची रेघ

मधमाशी चावलेला कुणी बोंबलत दवाखान्यात आला, की सिस्टरबाई आधी नखाने खरवडून काटा काढत, साबणाने धूत, बर्फ लावत आणि मग सुजेच्या अगदी कडेने बॉलपेनने रेघ ओढत. "सूज ही रेघ ओलांडून गेली किंवा दम लागला, तर धावत या. नाहीतर घरी गप्प बसा!"

एका रविवारी गॅलरीत कपडे वाळत घालताना गांधीलमाशीने त्यांच्याच गालाला डंख मारला. साऱ्या गल्लीला धीर देणाऱ्या बाईंनी घर डोक्यावर घेतलं. त्यांचे यजमान शिंपी. त्यांनी मुकाट्याने बर्फ लावला, कानामागचा खडू काढला आणि बायकोच्या गालावर ऐटीत रेघ ओढली.

आरशात पाहून बाई भडकल्या. "अहो, रेघ सुजेला चिकटून काढायची असते! ही तर दोन बोटं लांब आहे!"

"मी जागा सोडूनच आखतो," यजमान म्हणाले. "गिऱ्हाईक पुढे जाड होतंच."

सूज काही त्या रेघेपर्यंत पोचली नाही. बाईंचं हसू मात्र, गाल ठणकत असतानाही, ती ओलांडून पार कानापर्यंत गेलं.