लिहून राह्यलो

मी औषध कंपनीचा एमआर झालो, पण एमआर म्हणजे नेमकं काय, हे आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. गळ्यात टाय, हातात बॅग, म्हणजे पोरगा साहेब झाला, एवढं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मेहकरच्या स्टँडवर तर एका आजोबांनी कपाशीवरच्या माव्यावर कोणतं औषध मारू म्हणून विचारलं. औषधवाला म्हटल्यावर त्यांचा तरी काय दोष! आमच्याकडे औषध आधी पिकाला लागतं, माणसाचा नंबर नंतर.

माझं औषध खोकल्याचं होतं. डॉक्टरांसमोर उभं राहून दीड मिनिटात त्या सिरपचे सात गुण घडाघडा म्हणायचे, ही माझी नोकरी. डोणगावचे डॉक्टर तेवढ्या वेळात मोबाइल बघायचे, भिंतीवरची पाल बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "हाव, लिहून राह्यलो ना बे!"

आता आमच्या बोलीत 'येऊन राह्यलो' म्हणणारा माणूस बरेचदा अजून अंघोळीला बसलेला असतो. जन्मभर हेच ऐकत वाढलो, तरी मी बावळटासारखा खूश व्हायचो. शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं की तो मान हलवायचा, "एक चिठ्ठी नाही आली, भाऊ." पाच महिने साहेब लिहून राह्यले होते.

मग मॅनेजरचा फोन आला. "डोणगावच्या एका चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाका. नाहीतर प्रोबेशन संपलं की तुम्ही मोकळे." मोकळे! काय गोड शब्द शोधतात हो ही माणसं. आठ दिवस उरले होते आणि घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालत होतं. माझी तर झोपच उडाली.

त्यातच आईचा खोकला हटेना. घरात माझ्या बॅगेत सॅम्पलच्या बाटल्या खणखणत होत्या, पण त्यातली एकही मी तिला दिली नव्हती. का, ते स्वतःलाही विचारलं नव्हतं. तिला घेऊन डोणगावला गेलो आणि पहिल्यांदाच पेशंटच्या बाकावर बसलो.

डॉक्टरांनी तिची छाती तपासली, माझ्याकडे बघून हसले आणि चिठ्ठीवर माझं सिरप लिहिलं. "घे, आज खरंच लिहून राह्यलो."

बाहेर येताच फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मॅनेजरनी लगेच टाळ्या पाठवल्या, वर 'शाब्बास वाघा'. वाघ मेडिकलच्या पायरीपर्यंत गेला आणि तिथेच थबकला. आई मागे उभी राहून खोकत होती.

"वापस काऊन चालला रे?" तिनं विचारलं. तिला बाकावर बसवून मी एकटाच पुन्हा डॉक्टरांकडे आत शिरलो.

"सर, दुसरं काही लिहा ना."

"काऊन? वाईट हाय का ते?"

"वाईट नाही, सर. पण माय आहे ना..."

माझीच मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. डॉक्टरांनी दुसरी चिठ्ठी लिहिली. पुढे केली, पण हातातून सोडली नाही. "आता दुसऱ्याच्या मायले काय लिहू, तेवढं सांगून जाय."

सात गुण तोंडपाठ होते. त्यातला एकही आठवला नाही.

आठ दिवसांनी मी पर्मनंट झालो. आई त्या दुसऱ्या औषधानं खडखडीत बरी झाली. कोणत्या औषधानं, हे सांगायचा धीर मला झाला नाही. ती गावभर सांगत सुटली, "मह्या पोराच्या औषधानं गुण आला मले!"

काल शेजारची काकू खोकत खोकत दारात आली. "बाबू, तुह्या मायले देल्लं तेच मलेही दे."

आई कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी बॅग उघडली आणि बाटली दिली. वर सातही गुण सांगितले, एकही न विसरता.