बारा दिवसांचा जामीन

दोन्ही हात उताणे करून ती समोरच्याच्या नाकाखाली धरायची आणि म्हणायची, "ह्या हाताव आयलाय तो. आता बोल."

समोरच्याला मग बोलता येत नसे, कारण बहुतेक वेळा समोरचाही त्याच हातांवर आलेला असे.

ती आमच्या गावची सुईण. गाव रेवसच्या खालच्या अंगाला, समुद्राकाठी. एका बाजूला कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला भातखाचरं आणि मधल्या टेकाडावर स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी उघडलेलं हायस्कूल. तिला नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. लहानथोर सगळे तिला सुईणबाय म्हणत. मीही त्याच हातांवर आलेला. त्या हायस्कूलात मी कारकून होतो. माझं अक्षर सुरेख होतं. लोक तसं म्हणत असं नाही, मीच लोकांना सांगत असे. खिशाला दोन पेनं लावायचो, त्यातलं एकच चालायचं.

आता आमच्या घरात मी जुनं काही सांगायला लागलो की मुलांना एकदम तहान लागते आणि बायकोला चुलीवरचं दूध उतू जाताना दिसतं. तुम्ही परके आहात, तुम्ही तरी थोडं थांबाल.

सुईणबाय पहिल्यांदा शाळेत आली ती चिंबोऱ्यांमुळे, म्हणजे खेकड्यांमुळे. आठवीतल्या एका पोराने मास्तरांच्या टेबलाच्या खणात चार जिवंत चिंबोऱ्या सोडल्या होत्या. मास्तरांनी खडू घ्यायला हात घातला आणि मग जे ओरडले ते खाली बंदरापर्यंत ऐकू गेलं. आमचे हेडमास्तर बाहेरगावचे, कोट-टोपीतले, स्वतःच्या घड्याळावर शाळा चालवणारे. त्यांनी त्या पोराचं नाव कापायचं ठरवलं. नाव कापणं म्हणजे काय, ते तेव्हाच्या लोकांना सांगावं लागत नसे. दाखल्यावर 'वर्तन' असा एक रकाना असे. तिथे लाल शाईने वाईट शेरा पडला की मग ना अलिबाग, ना माणगाव, ना म्हसळा. त्या पोराला कुठेच थारा नाही. शाळा संपली ती संपलीच. आणि तो शेरा लिहायचा मान माझ्या सुरेख अक्षराला.

ती आली, टोपली दारात ठेवली आणि सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेली.

"सायब, मना बारा दिस द्या."

"कशाचे बारा दिवस?"

"पोर झाला का सुईन त्याला बारा दिस सोरते काय? बारा दिस राखायचा. तगला तं तगला. ह्याला बी मी राखते. नाय तगला तं मंग कापा नाव."

"अहो बाई, तो काही आज जन्मलेला नाही. तीन वर्षं आहे इथे."

"तीन वर्सं नुसता येतो नि जातो. शालंत आयला नाय आजून."

हेडमास्तर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग मला म्हणाले, "लिहा. बारा दिवसांची मुदत." मी लिहिलं. जामीन कोण, तर सुईण. तिने अंगठा उठवला आणि त्यावर फुंकर घालून तो पदराला पुसला.

ते बारा दिवस कसे जात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोराला ती पहाटेच आपल्या पडवीत बोलवायची. तांदळाची भाकरी, वर सुक्या बोंबलाचं कालवण. मग पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लावायची. तिला स्वतःला अक्षर ओळखीचं नव्हतं. पोरांना वाटे, हिला काय कळतंय! एकाने चार दिवस तोच एक सिंहाचा धडा घोळवला. पाचव्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हा शिव्ह परवाच मेलेला ना? आज परत कसा उटला?"

मग ती त्याला शाळेच्या पायऱ्यांपर्यंत स्वतः आणून सोडायची आणि शिपायाला बजावायची, "हा घे. बघून घे. संध्याकाली हाय असा परत दे." पोरगा लाजेने अर्धा होई. तेराव्या दिवसापासून तो शहाण्यासारखा वागे, तो अभ्यासाच्या ओढीने की तिने पुन्हा हात धरून आणू नये म्हणून, हे मला अजून सांगता येणार नाही. पण वागे.

सगळेच वागले असंही नाही. दोघे चौथ्याच दिवशी रेवसच्या लाँचने मुंबईला, भाऊच्या धक्क्याला पळाले. अशा पोराला ती नापास म्हणत नसे, पळपुटा म्हणत नसे. "दगावला," एवढंच म्हणायची आणि दोन दिवस कोणाशी धड बोलायची नाही.

असे पाच-सहा वर्षांत आठ-दहा पोरगे तिने राखले. त्यातला एक हिराजी.

हिराजीचा बाप तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. आई लहानपणीच गेलेली. पोरगा नववीत, अंगाने थोराड, आणि अपूर्णांकांची गणितं तोंडी सोडवायचा. मास्तर फळ्यावर पायऱ्या मांडत असत तोवर हा मागून उत्तर सांगून मोकळा. मास्तरांना याचा आनंद होई असं नाही. मागे एकदा गैरहजेरीमुळे त्याचं नाव कापायला आलं होतं, तेव्हा सुईणबायने बारा दिवस राखून त्याला पार केलं होतं.

एका गुरुवारी पुढच्या बाकावरच्या एका मुलाने त्याच्याकडे वळून नाक धरलं. "काय रे, आज बोंबील अंगावरच वाळत घातलेस काय?" वर्ग हसला. हिराजीने दौत उचलून फेकली. ती मुलाला लागली नाही. भिंतीला लागली आणि शाई मास्तरांच्या पांढऱ्या धोतरावर. पुढे हिराजीने त्या मुलाला बाकावरून ओढून काढलं आणि त्याचा ओठ फोडला. तो मुलगा शाळा चालवणाऱ्या मंडळींपैकी एकाचा पुतण्या.

धावत आलेल्या सुईणबायला हेडमास्तरांनी ऐकवलं, "या वेळी तुमचे बारा दिवस नाहीत. बापाने स्वतः यावं, माझ्यासमोर हमी द्यावी, अंगठा उठवावा. शनिवारी शाळा सुटायच्या आत. नाहीतर दाखला."

ती टोपली उचलून बंदराकडे गेली. बाप खरंच आहे कुठे, ते आधी बघायला हवं होतं.

आता आमच्याकडचं तुम्हाला ठाऊक असेल-नसेल. पुनवेनंतर चार-सहा दिवस उधाणाचं पाणी असतं, जाळी लावायचे दिवस ते. होड्या बाहेरच राहतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात, तेव्हा पुरुषमाणसं घरी दिसतात. त्या गुरुवारी तृतीया होती. हिराजीचा बाप मंगळवारच्या आत किनाऱ्याला लागणार नव्हता. कोळीवाड्यातल्या लहान पोरालाही हे कळत होतं. हेडमास्तरांच्या घड्याळात भरती-ओहोटीचा काटा नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिला एक बाळंतपण आलं, अडलेलं. जाता जाता ती शाळेच्या कुंपणाशी थांबली आणि मला हाक मारली.

"ए कारकुना, सायबाला सांग, बाप दर्यात हाय. भांग लागली का मंगलवारी येल. मी आनते त्याला. तवर थांबा म्हनाव."

"तूच सांग की, बाय."

"माजी बाई तिकरं अरलेय. आनी तुला सायबाची भाशा येते."

ही स्तुती मला आवडली. मी मान डोलावली.

दुपारी हेडमास्तरांच्या दारात गेलो. ते तपासणीचे कागद भरत होते. दोन दिवस त्यांचा पारा चढलेला. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती; कायम करायचा कागद त्याच टेबलावर, त्यांच्या कोपराखाली होता. तो मला दारातून दिसत होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काय?"

"काही नाही सर," मी म्हणालो. "खडू संपलेत."

"मग मागवा!"

मी खडू मागवले. दोन पेट्या. संध्याकाळी ती बाळंतपण आटोपून परत येताना भेटली, हात कोपरापर्यंत धुतलेले, चेहरा उतरलेला.

"सांगतलास?"

"सांगितलं."

"काय बोल्ला?"

"हं म्हणाले."

"बरा झाला," ती म्हणाली आणि मोठा सुस्कारा सोडला.

शनिवारी शाळा सुटताना हेडमास्तरांनी मला बोलावलं. तेव्हाही सांगता आलं असतं. मी मनाशी म्हटलं, मंगळवारी बाप आला की सायब विरघळतील, कागद काय, फाडता येतो. दाखला लिहिला. लाल शाईचा शेरा लिहिला. इतकं सुबक अक्षर माझ्या हातून क्वचितच उतरलं असेल.

मंगळवारी दहाच्या घंटेला ती आली. बरोबर हिराजीचा बाप. डोक्याला नवा रुमाल, अंगात कोणाचा तरी उसना कोट, बाह्या कोपराच्या जरा खाली संपलेल्या. माणूस उजवा अंगठा पुढे काढूनच खोलीत शिरला. शाई कुठे आहे ते तो बघत होता.

हेडमास्तर म्हणाले, "शनिवार म्हटलं होतं. दाखला झाला, नोंद झाली. मंडळींनाही कळवलं. आता माझ्या हातात काही नाही."

"आमी निरोप पाठवलेला," ती म्हणाली.

"निरोप? मला निरोप आला असता तर मी थांबलो असतो, बाई. मी काय राक्षस आहे? कोणाबरोबर पाठवला?"

मी कोपऱ्यातल्या टेबलाशी दौत सरळ करत होतो. ती आधीच सरळ होती. सुईणबायने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. अडलेली बाई कुठवर आली आहे ते पाहतात, तशी ती पाहत होती.

मग ती हेडमास्तरांकडे वळली. "कोनाबरोबर नाय, सायब. पाठवायचा व्हता, रायला. माजीच चूक झाली."

बापाने अंगठा हळूच मुठीत घेतला.

मी व्हरांड्यात तिच्या मागे धावलो. "बाय..."

"जा आत," ती म्हणाली. "सायब हाक मारंल."

त्याच महिन्यात माझी नोकरी कायम झाली. घरी पेढे वाटले. कोळीवाड्यात मात्र मीच गेलो नाही.

हिराजी बापाच्या होडीवर गेला. सुईणबाय शाळेत येतच राहिली, दुसऱ्या पोरांसाठी बारा-बारा दिवस मागत राहिली. माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, थट्टाही करायची. फक्त निरोप देत नसे. हेडमास्तर कामात असले तर दाराबाहेर टोपली घेऊन दोन-दोन तास बसून राही. मी म्हणे, "मी सांगतो ना आत." ती म्हणे, "नको. तुला काम हाय." यात टोमणा नव्हता. असता तर मी त्याच्यावर काही तरी उत्तर शोधलं असतं.

पुढे ते हेडमास्तर बदलून गेले. मी हेडक्लार्क झालो, पोट सुटलं, दुसरं पेनही चालायला लागलं. ती गेली तेव्हा मी परीक्षेच्या कामाला अलिबागला होतो. परत आलो तोवर पाचवा दिवस उलटला होता. शिपाई म्हणाला, स्मशानात तिने राखलेले बरेच पोरगे आले होते, काही मुंबईहूनही. मी ते ऐकून घेतलं.

तिच्या शेवटच्या वर्षातली एक सकाळ मात्र माझ्याच्याने कोणाला सांगवत नाही. आज लिहितो आहे.

रविवार होता. मी मनाचा हिय्या करून कोळीवाड्यात गेलो. ती कोणाच्या तरी घरी बाळाला न्हाऊ घालते आहे असं कळलं. तिथे गेलो. ती मोरीत पाय पसरून बसली होती आणि पायांवर तेलाने चकचकणारं पोर पालथं घातलेलं. कोणाचं, ते मी विचारलं.

"हिराजीचा," ती म्हणाली. "पैलाच."

मी तिथेच, दाराशी उकिडवा बसलो. म्हणालो, "बाय, त्या शुक्रवारी मी सायबांना काहीच सांगितलं नव्हतं."

तिने वर पाहिलं नाही. पोराच्या पाठीवर पाणी घालत म्हणाली, "मना ठावं हाय. मना कशाला सांगतंस? तो भायेर बसलाय. त्याला सांग."

मी उठून बाहेर आलो. हिराजी ओट्यावर पाळण्याची दोरी वळत होता. खांदे बापासारखे झाले होते. मला पाहून चटकन सरकला, हाताने ओटा झाडला. "बसा, कारकूनसाहेब."

मी बसलो. दोरीचे दोन पेड त्याच्या बोटांत फिरत होते.

"मासळी काय म्हणते यंदा?" मी विचारलं.

आतला पाण्याचा आवाज थांबला.

"बरी हाय," हिराजी म्हणाला.

थोड्या वेळाने आत पुन्हा पाणी पडू लागलं.