कामणच्या फाट्यावरचं स्टूल

डिझेलचा वास आला की कामणचा फाटा आठवतो. माझे म्हातारे वडील तिथे स्टुलावर बसून ट्रकवाल्यांना गोदामांचे रस्ते सांगायचे. मला लाज वाटायची. एकदा ड्रायव्हरांसमोरच मी म्हणालो, “निकाम्यासारखे काय बसता इथे, बाबा?” ते स्टूल उचलून घरी आले. संध्याकाळी माझी मुलगी मोठ्याने धडा वाचत होती: डीएनएच्या बऱ्याच भागाला पूर्वी निकामी समजत, पण कोणतं जनुक कधी चालू व्हायचं, हे त्यातलाच काही भाग ठरवतो. बाबा म्हणाले, “म्हंजे तो पन फाट्यावरच बसलाय, गो!” ती हसली. मी जेवत राहिलो. “उद्या जा” एवढंही म्हणालो नाही. ते पुन्हा कधी गेले नाहीत. आता बाबा नाहीत. काल फाट्यावर एका ट्रकवाल्याने मला रस्ता विचारला. मला सांगता आला नाही.